जाम झालेला स्क्रू

दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्यावर किती जोर लावावा? हा प्रश्न मला अलीकडे एका जुन्या येझदी मोटारसायकलपाशी बसून पडला. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. इंजिनाचे कव्हर ॲल्युमिनियमचे, स्क्रू पोलादाचे. या दोन धातूंमध्ये आमच्या समुद्रकाठची खारी ओल शिरली, की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. असाच एक स्क्रू मी दात-ओठ खाऊन पिळला. खाच गेली, स्क्रू तसूभरही हलला नाही.

शेजारच्या मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातून काढून घेतला. "फादर, तेल सोडा आणि रात्रभर विसरा." दुसऱ्या दिवशी त्याने पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली आणि स्क्रूभोवती बेताची आच दिली. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैलावते. मग छिन्नी तिरकी धरून हलके ठोके.

"तरीही न निघाला तर?"

"डोके ड्रिलने उडवायचे. डोके गेले की ताण जातो, उरलेली दांडी पुष्कळदा पकडीनेच फिरते. स्क्रू गेला तर गेला. केसिंग वाचले पाहिजे."

धैर्याचे मुख्य कार्य चढाई करणे नव्हे, तर संकटात अढळपणे टिकून राहणे, असे संत थॉमस अक्विनास यांनी प्रतिपादिले आहे. सेमिनरीत हे मी पाठ केले होते. (परीक्षेत गुणही बरे मिळाले होते!) परंतु टिकून राहणे म्हणजे हात बांधून बसणे, असा माझा समज होता. तेल, आच, ठोका ही सारी कामेच आहेत. त्यांत घाई तेवढी नाही.

बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी गेल्या वर्षी त्यांच्याच ओटीवर, सुनेसमक्ष, क्षमेविषयी खडसावले होते. माझे म्हणणे खरे होते. त्यानंतर ते मिस्सेला येईनासे झाले. यंत्राचा दृष्टांत येथे अपुरा पडतो, कारण माणसाच्या बाबतीत टाकून देण्याजोगा स्क्रू कोणता आणि जपावयाचे केसिंग कोणते, हे वेगळे काढता येत नाही. ड्रिल तर नाहीच.

येत्या रविवारी दुपारी त्यांच्याकडे जाणार आहे. केळीच्या बागेविषयी बोलू. बांधाचा विषय त्यांनी काढला तरच.