हजर मुलीचा बुडालेला तास

हजेरीपटावर मूल एक तर हजर असतं, नाहीतर गैरहजर. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर, आष्टी, कारंजा तालुक्यांतल्या खेड्यांवरून एसटीने हायस्कूलला येणाऱ्या मुली बरेचदा या दोन्हींच्या मधे असतात. शाळा अकराची आणि गाडी येते सव्वाअकराला. परिपाठ आटोपलेला, पहिला तास सुरू झालेला, आणि दारात चौघी-पाचजणी दप्तरं सावरत उभ्या. 'गाडी लेट आली, सर.' सर आत घेतात, हजेरीही लावतात. वर्षाअखेर हजेरी चांगली भरते. बीजगणित मात्र कच्चं राहतं आणि दोष मुलीच्या डोक्याला दिला जातो. पहिला तास गणिताचा होता, हे कोणी बघत नाही.

सकाळी डोकं ताजं असतं म्हणून गणित आधी घ्यायचं, ही जुनी रीत. हेतू चांगलाच आहे. पण त्याचा फायदा शाळेच्या गावातच राहणाऱ्या मुलांना होतो. शेवटच्या तासाचंही तेच, तेव्हा परतीच्या गाडीची घाई असते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि त्या पासाने कित्येकींची शाळा टिकली. पण पास फुकट असला तरी गाडी वेळेवर यावी लागते. 2021च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो 2022च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोरोनानंतर नुकत्या उघडलेल्या शाळांपर्यंत पोचायची वाटच खेड्यांतल्या मुलांसाठी बंद झाली.

ताप आला, लग्नाला गेलं, तर सगळ्याच विषयांचं थोडंथोडं बुडतं आणि मैत्रिणीची वही आणून भरून काढता येतं. एकाच विषयाची वीस-वीस मिनिटं वर्षभर गळत राहिली, तर ती वहीतून भरत नाहीत. किती दिवस बुडाले हे आपण मोजतो, कुठला विषय बुडाला हे मोजत नाही.

दिवाळीनंतर कापूस फुटतो. वेचायला माणसं मिळत नाहीत, मग घरची मोठी मुलगी कमरेला झोळी बांधून वावरात जाते, नाहीतर आई वेचायला गेली म्हणून धाकट्यांपाशी थांबते. त्याच दिवसांत दहावीच्या वर्गात त्रिकोणमिती, महत्त्वमापन चालू असतं. पायथागोरस पहिल्या सत्रात शिकलेल्या मुलीलाही फळ्यावरचे साइन-कोसाइन परके वाटू लागतात. मुलीने शाळा सोडून वेचणीला जाणं चूकच. पण तो हंगाम दरवर्षी ठरल्या वेळी येतो, आणि तरी दरवर्षी आपण अचानक आल्यासारखे वागतो. उन्हासाठी विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे स्थानिक गरजेपुढे वेळापत्रक वाकतं. मग कापसासाठी का नाही?

1937च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हाताच्या कामाभोवती शिक्षण गुंफणारी नई तालीम उभी राहिली. त्या जिल्ह्यात तरी वेळापत्रक करताना शेत आणि एसटीचा थांबा नजरेसमोर असायला हवा.

गणिताचा तास दुसरा-तिसरा ठेवावा किंवा दर आठवड्याला फिरवावा. उशिरा आलेल्या मुलीच्या नावापुढे कुठला विषय चुकला तेही लिहावं. आगारप्रमुखाला शाळेच्या वेळा लेखी कळवाव्यात. आणि वेचणीच्या दिवसांत शिकवलेली प्रकरणं जानेवारीत पुन्हा घ्यावीत. फेब्रुवारीत तोंडी-प्रात्यक्षिकं लागली की त्यासाठी एक तासही मोकळा सापडत नाही.