शंभर वर्षांतला एक पूर

पिंपळे सौदागर या उपनगराच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यात सौदा आहे खरा. आणि जिथे एके काळी शिवार होते तिथे आता दर रविवारी किती सौदे ठरतात, याची गणती दुय्यम निबंधकाच्या दप्तरातच व्हावी. मागच्या रविवारी भाच्याबरोबर मीही एक सदनिका पाहावयास गेलो. विक्रीच्या माणसाने प्रथम सव्वा कोटीचा आकडा उच्चारला आणि चहा येईतो तो 1 कोटी 8 लाखांवर आणला. सतरा लाख कमावल्याचे समाधान भाच्याच्या मुद्रेवर उमटले.

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशाच एका आकड्याची हकीकत आहे. संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी राष्ट्रे शेकडा किती, हे विचारण्यापूर्वी त्यांनी लोकांसमोर आकड्यांचे चाक फिरविले. 10 वर थांबलेले चाक पाहिलेल्यांचा अंदाज 25 च्या आसपास आला, 65 पाहिलेल्यांचा 45 च्या. चाकाचा आफ्रिकेशी संबंध तो काय! आमच्या सव्वा कोटीचा तरी त्या भिंतींशी कितीसा होता?

सज्जातून पवना नदी दिसत होती. पुराच्या पाण्याविषयी मी विचारले, तेव्हा विक्रीचा माणूस म्हणाला, "इमारत लाल रेषेच्या किंचित आत आहे काका, पण ती शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची." पाटबंधारे खात्याची निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. "म्हणजे मामा, आपल्या हयातीत नाही," भाचा म्हणाला. वस्तुतः त्याचा अर्थ दरसाल शंभरात एक एवढाच. वीस वर्षांचे कर्ज फिटेतो तो पूर निदान एकदा येण्याचा संभव सुमारे 18 टक्के. ‘आपल्या हयातीत नाही’ या निःशंकतेवर भाच्याने आपल्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची, भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी पणास लावली होती, आणि तिची संमतीही त्याच निःशंकतेच्या भरवशावर मिळविली होती.

माझी भीती तरी हिशेबातून आलेली होती काय? 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, त्या दिवसाच्या कथा ऐकत मी वाढलो. धरणफुटी आणि पावसाचा पूर यांतला भेद ठाऊक असूनही प्रत्येक नदीकाठी मला त्या दिवशीच्या मुठेचेच पाणी दिसते. 18 टक्क्यांचे गणितही मी घरी आल्यावर, माझे खरे ठरावे म्हणूनच मांडले.

भाच्याने इसाराचा धनादेश काढला. सही करताना त्याचा हात थबकला. मी आशेने पाहिले. लेखणीतली शाई संपली होती. त्या माणसाने तत्परतेने आपली पुढे केली.