जखम पाहून

विंध्याच्या दक्षिण उतारावर, धार जिल्ह्यातल्या बागच्या लेण्यांचा दगड मूळचाच ठिसूळ. वरच्या थरांतून झिरपणाऱ्या पाण्याने शतकानुशतके त्याला आतून पोखरले, छते कोसळली, आणि भिंतींवरची उरलीसुरली चित्रे अखेर काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावी लागली. याच लेण्यांच्या ढिगाऱ्यात माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट सापडला. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या राजाने विहाराला एक गाव लावून दिले, आणि गंध-धूप-पुष्पांच्या जोडीने त्यात लिहून ठेवले की वास्तूचा भंगलेला, फुटलेला भाग सावरावा, भिक्षूंच्या अन्नवस्त्राची नि औषधपाण्याची सोय व्हावी. विहार उभा असतानाच त्याच्या झिजेची तरतूद करणारा हा राजा मला आपल्या अनेक कायदेपंडितांहून शहाणा वाटतो.

शरीराची, त्यातही सैनिकाच्या शरीराची झीज दगडाहून चपळ आणि अधिक अबोल असते. सैन्यातून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ जवानाचे अपंगत्व टक्क्यांत मोजते. ते सेवेमुळे उद्भवले की सेवेत बळावले, हे ठरवते. आणि त्या आकड्यावर त्याच्या निवृत्तिवेतनातला अपंगत्वाचा वाटा ठरतो. वीस टक्क्यांच्या खाली सहसा काहीच नाही. पूर्वी ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासणीला उभे राहावे लागे. पुढे नियम बदलला आणि एकदा ठरलेले टक्के कायमचे मानले जाऊ लागले, फेरतपासणी हवी असेल तर ती त्या माणसानेच मागायची. हेतू दयेचाच होता. पण आकडा कागदावर स्थिरावला तरी गुडघा स्थिरावत नाही, तोफेच्या धडाक्याने अधू झालेला कान वयाबरोबर आणखी मिटत जातो, आणि चाळिशीत सोसवलेली कंबर साठीत अंथरुणातून उठू देत नाही. मग मागायला जावे लागते.

इथेच मला मनुष्यस्वभावाची एक विलक्षण गाठ दिसते. फौजेत माणसाची प्रकृती ‘शेप’ या मापाने पाहतात, आणि ‘शेप-वन’ या सर्वांत वरच्या वर्गात राहणे ही प्रत्येकाची आस असते, कारण वर्ग घसरला की बढती, कोर्स, आवडीची तैनाती सारेच दुरावते. म्हणून जवान वीस-वीस वर्षे ‘काय त्रास?’ या प्रश्नाला ‘काही नाही, साहेब’ एवढेच उत्तर देत आलेला असतो. वेदना लपवणे हाच त्याचा अभ्यास, त्याचा अभिमान, किंबहुना त्याचे शील झालेले असते. आणि उतारवयात त्याच माणसाने टेबलापलीकडच्या अनोळखी डॉक्टरासमोर आपले दुखणे उलगडून, पुराव्यांसह, थोडे आग्रहानेही मांडावे अशी अपेक्षा असते. पूर्वी लपवलेल्या दुखण्याची नोंद दवाखान्याच्या वहीत नाही, म्हणून ते नव्हतेच, असा निष्कर्षही निघू शकतो. दुखणे फुगवून सांगणारे अजिबात नसतात, असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या भयाने उभारलेल्या भिंतीवर बहुधा अबोल माणूसच आपटतो.

मोजमाप टाळता येत नाही, हे मला मान्य आहे. प्रतापगडच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत दिले, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. म्हणजे तारतम्याची श्रेणी तेव्हाही होती. पण त्या दृश्याची कल्पना करताना मला जाणवते ते असे, की कोणीतरी छावणीत एकेकाजवळ जाऊन, वाकून, पट्टी सोडवून पाहिले असेल. मोजणारा स्वतः चालत आला, तर त्या मोजण्यात अपमान उरत नाही.

न्यायालयांनी अलीकडे मोजणारा आणि जखमी यांच्यातले अंतर थोडे कमी केले. 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी ज्याच्या प्रकृतीत दोष नोंदवलेला नाही, त्याला पुढे जडलेला आजार सेवेतलाच धरावा आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहावा. 2014 साली राम अवतार यांच्या खटल्यात, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वरच्या पायरीला नेण्याचा लाभ खुला झाला: पन्नासच्या आतले पन्नास, त्यापुढे पंचाहत्तरपर्यंतचे पंचाहत्तर, आणि त्याहून अधिक ते शंभर. तीस टक्के दुःखाला पन्नास मानणारा हा हिशेब गणिताला चुकीचा वाटेल. मला मात्र त्यात मापाने स्वतःच्या ओबडधोबडपणाची दिलेली कबुली दिसते, आणि कायद्यात इतका विनय क्वचित आढळतो. तरीही अपंग जवानांच्या विरोधात सरकारी अपिले चालूच राहिली, इतकी की संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांना 2015 साली असे दावे कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली.

तुमच्या नात्यात, आळीत, गावात कोणी निवृत्त जवान असेल आणि त्याचे दुखणे कागदावरच्या आकड्याच्या पुढे गेले असेल, तर त्याला ‘मागा’ म्हणून सोडून देऊ नका. त्याचे निवृत्तीचे आणि वैद्यकीय मंडळाचे कागद एकदा त्याच्याबरोबर बसून वाचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्या सोबत जा, आणि नकार आलाच तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे, हे त्याला सांगा.