रेवामाईस नमस्कार

गेल्या आश्विनात एका स्नेह्यासह सायकलीने धारहून मांडवगडास गेलो. मार्ग सुमारे ३५ किलोमीटरांचा, शेवटी चढणीचा. निघताना तीर्थरूपांनी बजावले, "रूपमतीच्या मंडपातून रेवामाईस माझा नमस्कार सांग." गुडघ्यांमुळे त्यांची परिक्रमा राहून गेली आहे.

गडाच्या अलीकडे काकडाखोहच्या दरीत पावसाळ्याचे उरलेले पाणी कोसळत होते. निम्मा दिवस तेथेच गेला. देवदर्शनास निघालेले मन वाटेतला प्रपात असे अडवून धरतो! पुढे नीलकंठापाशी दगडी पन्हळीतून वळणे घेत जाणारे पाणी पाहत बसलो. मूळ अकबरकालीन विलासभवन ते; आज तेथे शंकराची पूजा होते.

मंडपी पोहोचलो तो दुपार टळलेली. नर्मदा पाहिल्यावाचून रूपमती अन्न घेत नसे, अशी कथा आहे. आम्हांस मात्र खाली निमाडावर धुरकटच दिसले. रेवेची रुपेरी रेषा दिसेना.

रात्री तीर्थरूपांनी विचारले, "मैया दिसली?"

"हो" जिभेवर आले होते. मोठ्या कष्टाने म्हणालो, "नाही. उशीर केला. दक्षिणेकडे हात जोडून आलो."

ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "मीही रोज स्नानानंतर तेवढेच करतो."