कोरफडीला पाणी किती?



घरात वाढवायला सर्वांत सोपे झाड कोणते असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण कोरफडीचे नाव घेतील. मोहाडीत ती अंगणात दिसते, गच्चीवर दिसते, रंगाच्या रिकाम्या डब्यातही दिसते. काही दारांवर तर ती मुळे वर आणि पाने खाली अशी टांगलेली असते. दृष्ट लागू नये म्हणून झाड टांगणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण त्या टांगलेल्या झाडाकडे नुसते झाड म्हणून पाहिले तर नवल वाटते. माती नाही, पाणी नाही, आणि तरी ते महिनोन्महिने तग धरून राहते.

तेच झाड आपण हौसेने कुंडीत लावतो आणि ते मरते. तहानेने मरणारी कोरफड विरळा. घरातली कोरफड बहुधा पाण्यानेच मरते.

असे का व्हावे, हे आपल्या भागातल्या माणसाला समजणे अवघड नाही. आपली भूमी धानाची आहे. रोवणी झाली की बांधीत पाणी टिकले पाहिजे, ही चिंता आपल्या वाडवडिलांच्या रक्तात भिनलेली आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याला पाणी द्यायचे, हे आपल्या हाताला ठाऊक आहे. पण धानाच्या देठात आणि मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ वाटा असतात, म्हणून ते चिखलात उभे राहून वाढते. कोरफडीची तशी सोय नाही. ओल्या मातीत तिची मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. मुळे कुजली की पाने मऊ पडतात, खाली वाकतात. पाहणाऱ्याला वाटते, बिचारी तहानलेली दिसते. मग तो आणखी एक तांब्या पाणी ओततो.

हा तांब्या ओतणारा माणूस वाईट आहे का? मुळीच नाही. त्याच्या मनात प्रेमच होते. मग एवढे प्रेम असूनही झाड का गेले? नीतिशास्त्राचा हा जुना प्रश्न आहे : हेतू चांगला असला म्हणजे पुरते का? संत थॉमस अक्विनास यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने असे मांडले आहे की, प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. दुसऱ्याचे, हा शब्द महत्त्वाचा. त्याचे भले कशात आहे हे आधी जाणून घ्यावे लागते. आपल्याला काय देताना बरे वाटते, हा प्रश्न निराळा आहे, आणि आपण पुष्कळदा त्याचेच उत्तर देत बसतो.

आपल्या मराठीने या बाबतीत एक सुंदर सोय करून ठेवली आहे. ‘काळजी’ हा शब्द एकच, पण त्याच्यापुढे क्रियापदे दोन येतात. काळजी घेणे वेगळे आणि काळजी करणे वेगळे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ही दोन्ही रूपे एकापाठोपाठ भेटतात. आधी चांगला शोमरोनी येतो. तो जखमी माणसाची काळजी घेतो आणि उतारशाळेच्या मालकालाही ती घ्यायला सांगतो. त्याच अध्यायाच्या शेवटी मार्था भेटते. ती पुष्कळ गोष्टींची काळजी करते आणि प्रभू तिला प्रेमाने थांबवतो. संत थॉमसही आपल्या ग्रंथात एके ठिकाणी दक्षतेला विवेकाचा भाग मानतात, आणि त्याच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या ऐहिक चिंतेला पुढे दुसऱ्या ठिकाणी दोष ठरवतात. सेमिनरीत हे शिकताना तो शब्दच्छल वाटू शकतो. कुजलेली कुंडी पाहिली की तसे वाटत नाही.

या झाडांची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. दक्षिण भारतात आलेले मोरावियन मिशनरी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ साली एका पत्रात पानफुटीविषयी लिहिले. मूतखड्यावरचे औषध म्हणून पुष्कळ घरांत लावलेली असते तीच ही पानफुटी (औषध घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे). हाइन यांनी तिची पाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडू. कारण पुढे उलगडले. अशी झाडे दिवसा उन्हात पाण्याची वाफ होऊ नये म्हणून पानांची छिद्रे मिटून घेतात. रात्री छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि सकाळपर्यंत तो आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. कोरफडही हेच करते. आपण दिवसा पाहतो तेव्हा ती गप्प बसल्यासारखी दिसते. तिचे काम आपण झोपल्यावर चालू होते.

म्हणून तिला थोडे स्वस्थ राहू द्यावे लागते. आपली काळी कन्हार माती एकटी घालू नये, तिच्यात निम्मी जाड रेती मिसळावी. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. माती खालपर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, आणि दिले की भरपूर देऊन पूर्ण निथळू द्यावे. हिवाळ्यात महिन्यातून एखादे वेळी पाणी पुरते. नवतप्यात दुपारचे ऊन पानांना तांबूस करून सोडते, तेव्हा कुंडी सावलीत घ्यावी. पाऊस सुरू झाला की पागोळीखालून हलवावी.

येथे एखादा चतुर माणूस म्हणेल, “फादर, म्हणजे दुर्लक्ष केलेलेच बरे!” हे उत्तर आम्हांला धोक्याचे वाटते. कारण कोरफड दुर्लक्षानेही मरते. फक्त ती उशिरा मरते आणि तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तहानलेल्या कोरफडीची पाने पातळ होतात, आत वळतात. कुजणाऱ्या कोरफडीची पाने बुडाशी पिवळी, पाणचट होतात. हा फरक लांबून कळत नाही. त्यासाठी पान बोटांत धरावे लागते, मातीत बोट घालावे लागते. पाणी महिन्याने द्यायचे असले तरी बघायचे रोज.

आपल्या घरांत दोन्ही प्रकार चालू आहेत. जन्मभर बांधीत राबलेले आजोबा एकदा घसरून पडले, की मुले त्यांना खाटेवरून उठू देत नाहीत. पाण्याचा पेला हातात, ताट हातात, मिस्सेला जायचे नाव काढले की “बाबा, तुम्ही बसा.” डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते. पण आपल्याला त्यांच्या पडण्याची भीती वाटते आणि त्या भीतीपायी त्यांचे पाय काही महिन्यांत निकामी होतात. दुसऱ्या घरात आई एकटी असते. मुलगा नागपूरला किंवा पुण्याला. “आमच्या आईला काही लागत नाही,” असे तो अभिमानाने सांगतो. ते खरेही असते. ती कधी काही मागत नाही. मागत नाही म्हणून तिच्याकडे जाणे दिवाळीवरून नाताळावर आणि नाताळावरून पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

शोमरोनी माणसाने काय केले ते पुन्हा वाचावे. तो त्या जखमी माणसाच्या उशाशी कायमचा बसला नाही. एक रात्र सेवा केली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हातावर ठेवली आणि आपल्या वाटेने गेला. पण जाताना परत येईन म्हणाला. येईन तेव्हा हिशेब पुरा करीन म्हणाला. पैसे पाठवणारे मुलगे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते चांगलेच करतात. दाखल्यातल्या त्या दुसऱ्या वाक्याकडे मात्र त्यांचे लक्ष वेधावे असे आम्हांला वाटते. आई फोनवर “काही नको” म्हणते तेव्हा ते खरे आहे की नाही हे फोनवर कळत नाही. घरी यावे, तिच्याजवळ बसावे, तांदळाच्या डब्याचे झाकण उघडावे, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्टीत किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजावे. सगळे ठीक असेल तर तिच्या हातचा चहा घ्यावा आणि परतीची गाडी धरावी.