पाचांपैकी एक : गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



गेले दहा-बारा दिवस चिंतन लिहिलं नाही. कारण सांगून टाकतो. अकरा वर्षांची नोकरी गेली. अप्रेजलमध्ये मी पगारवाढ मागितली, आणि तीन आठवड्यांनी एचआरचा कॉल आला की तुमचा रोल आता राहिलेला नाही. वीस मिनिटांत लॅपटॉप लॉक.

आईचं पहिलं वाक्य, "कशाला मागायला गेलास रे? नीट चाललं होतं ना?" बायको काही बोलली नाही, फक्त होम लोनचा हप्ता कितीचा आहे ते परत एकदा बघितलं. मला आईचं वाक्य जास्त लागलं, कारण मी स्वतः रात्रभर तेच म्हणत होतो. मागितलं म्हणून गेलं. तोंड उघडलं नसतं तर…

मग वाचनक्रमात अठरावा अध्याय आला. भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. पुढच्याच श्लोकात म्हणतात की शरीरानं, वाणीनं किंवा मनानं माणूस जे काही करतो, न्याय्य असो वा उलटं, त्याला हीच पाच कारणं. वाणी! मी तिथेच थांबलो. पगार मागणं हे वाणीचंच कर्म की.

शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ घेतात. मी इथे जरा सैल धरतोय, म्हणजे ज्या जमिनीवर गोष्ट घडली ती. माझी जमीन काय होती? प्रोजेक्टचं बजेट कमी झालेलं, क्लायंट कुरकुरत होता, वरचे दोन लोक बदललेले. मी मीटिंगला बसलो त्याच्या आधीपासूनच हे सगळं चालू होतं.

आपल्या कामात हे रोज बघतो आपण. प्रॉडक्शन पडलं की आरसीए लिहायचा. त्यात "अमुक जणानं चुकीची कमांड दिली" एवढंच लिहिलं तर चांगला लीड तो परत पाठवतो. कमांड दिली, पण परवानगी का होती? टेस्ट का नव्हती? अलर्ट का वाजला नाही? इतरांच्या बाबतीत हे मी कितीदा समजावून सांगितलंय. स्वतःचा आरसीए मात्र एका ओळीत संपवला होता: माझी चूक.

सोळाव्या श्लोकात भगवंत यावरच बोट ठेवतात. पाच कारणं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही. मला वाटायचं हा श्लोक यश मिळाल्यावर फुगणाऱ्यांसाठी आहे. पण सगळा दोष ओढून घेणाराही तेच करतोय ना? "माझ्यामुळे गेलं" यातही मीच मोठा.

अर्थात, पाचांत कर्ता आहेच, तो वगळता येत नाही. मी मागताना दुसऱ्याचा पगार मध्ये काढला, आवाजही चढला होता. तेवढं माझं. आणि मॅनेजरही पाचांपैकीच, म्हणून तो सुटला असं नाही. अकरा वर्षांच्या माणसाला वीस मिनिटांत घालवणं मला आजही अन्यायच वाटतो. पण रात्री झोप लागायला लागली आहे.

ग्रॅच्युइटीचा हिशोब केला. पाच वर्षांच्या वर सलग नोकरी असेल तर तो हक्क आहे, कायद्यानं धरलेल्या शेवटच्या वेतनावर दर वर्षामागे १५ दिवसांचा. ज्यांना माहीत नाही त्यांनी बघून ठेवा.

काल टीममधल्या धाकट्या मुलाचा मेसेज आला. "दादा, पुढच्या आठवड्यात माझं अप्रेजल. तुझं बघून मागायची भीती वाटते. गप्प बसू का?"

मी लिहिलं, माग. केलेलं काम कागदावर लिहून ने, दुसऱ्याचा पगार काढू नकोस, आवाज खाली ठेव.

"आणि काढून टाकलं तर?"

बराच वेळ टाइप करत होतो. शेवटी लिहिलं, "तर मला फोन कर. आधी चहा पिऊ, मग तुझा हिशोब करू."

उद्या सतरावा श्लोक. राम कृष्ण हरी.