सोळावा हिस्सा कोणाचा?

हैदराबादमधल्या बऱ्याच गिर्यारोहकांची सुरुवात भोंगीरला होते. शहरापासून साधारण ५० किलोमीटरवरचा हा अखंड कातळ, माथ्यावर चालुक्यकालीन किल्ला, उन्हाळ्यात सकाळी नवालाच हात भाजतील इतका तापणारा दगड. मालावत पूर्णा आणि आनंदकुमार या दोघांनी मे २०१४ मध्ये एव्हरेस्ट गाठलं, त्याआधी प्रस्तरारोहणाचे धडे त्यांनी इथेच गिरवले. पूर्णा तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हती. पुढे २०१६ मध्ये ती टांझानियातल्या किलिमांजारोवर गेली, आणि आफ्रिकेतलं ते सर्वोच्च शिखर इथल्या अनेकांना आवाक्यातलं वाटू लागलं.

तेव्हापासून बेत आखले जातात. नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये पिवळ्या तापाची लस, विरळ हवेच्या त्रासावर डॉक्टरांना विचारून डायमॉक्सच्या गोळ्या, भाड्याने आणलेलं जाड जाकीट. हैदराबादची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर किलिमांजारोच्या उहुरू शिखराची ५८९५ मीटर. तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या निम्माच प्राणवायू मिळतो. म्हणून सहा दिवसांचा मार्ग घ्यावा की आठ दिवसांचा, माचामे की लेमोशो, यावर रात्र रात्र खल चालतो. आठ दिवस घ्यावेत, हे जाणकारांचं उत्तर. सामान कोण वाहणार, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ते ‘पॅकेजमध्ये’ असतं.

या डोंगरावर एकट्याने चढायला १९९१ पासून मनाई आहे. वाटाड्या हवाच, आणि वाटाड्यामागे हमालांची रांग येते. माचामे गेटवर काटा टांगलेला असतो. एकेक बोचकं आकड्याला अडकवून वजन पाहतात, कारण हमालाच्या पाठीवर २० किलोंहून जास्त ओझं नको असा किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे. पाहुण्याच्या खांद्यावर पाणी, रेनकोट आणि कॅमेरा. बाकी तंबू, गॅसच्या टाक्या, घडीच्या खुर्च्या, अंड्यांचे ट्रे, कधी कधी चक्क संडासाचं भांडं, सगळं डोक्यावर आणि मानेवर घेऊन माणसं पुढे निघून जातात. पाहुणा धापा टाकत मुक्कामी पोहोचतो तेव्हा चहा तयार असतो. शेवटच्या रात्री बाराच्या सुमारास ४६७३ मीटरवरच्या बाराफू तळावरून शिखराकडे निघतात, तेव्हा सोबत वाटाडे असतात. हमाल बहुधा तळावरच थांबतात. शिखराचं प्रमाणपत्र पाहुण्याच्या नावाने निघतं.

इथे जुना प्रश्न उभा राहतो. ओझं दुसऱ्याच्या पाठीवर असेल, तर चढाई कोणाची? आपल्याकडे हाच प्रश्न तीर्थयात्रेच्या निमित्ताने फार पूर्वी विचारला गेला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या चौथ्या खंडात (याच खंडाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) तीर्थयात्रेवरचं मोठं प्रकरण आहे. शास्त्रकारांनी तिथे वाण्याच्या चोखपणाने हिशेब मांडलेला दिसतो. दुसऱ्यासाठी यात्रा करणाऱ्याला फळाचा सोळावा हिस्सा, भलत्याच कामासाठी जाता जाता तीर्थ घडलं तर निम्मं. मत्स्यपुराण तर प्रयागाच्या बाबतीत बजावतं की ऐश्वर्याच्या तोऱ्यात किंवा मोहापायी वाहनात बसून जाणाऱ्याची यात्रा निष्फळ.

हा नियम कठोरपणे लावला तर गिरनारची पंचाईत होईल. दत्तपादुकांच्या दर्शनाला जाणारे किती तरी मराठी भाविक तिथे डोलीत बसतात. पायथ्याशी भाविकाचं वजन करून डोलीचं भाडं ठरतं. २०२० मध्ये अंबाजीपर्यंत रोपवे झाला, पण दत्तशिखराच्या पायऱ्या पुढे उरतातच. थकलेल्या म्हाताऱ्या आजींना निष्फळ यात्रेचा श्लोक ऐकवणं हा निव्वळ उद्धटपणा होईल. शिवाय आषाढी वारीतल्या दिंड्यांचे तंबू आणि भांडी ट्रकमधूनच जातात. त्याने कोणाची वारी उणी झाल्याचं कोणी म्हणत नाही.

म्हणजे ओझं दुसऱ्याने वाहिलं हा दोष नव्हे. दोष हिशेब लपवण्यात आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि दैव. असं असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो, त्याची दृष्टी चुकते, असं लगेच पुढे म्हटलं आहे. किलिमांजारोवर हे तत्त्वज्ञान राहत नाही, रोकडा तपशील होतो. ६ ऑक्टोबर १८८९ रोजी हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा शिखरावर पोहोचले, तेव्हा पांगानीचा मुइनी अमानी खाली वरच्या तळावर एकटा थांबून स्वयंपाक आणि राखण करत होता. मेयरने आपल्या पुस्तकात अमानीचं नाव घेतलं, हे मेयरचं मोठेपण. पण पहिल्या चढाईचा उल्लेख होतो तेव्हा नावं दोनच येतात. शास्त्रकारांनी निदान सोळावा हिस्सा तरी दिला होता!

यावर एक आक्षेप रास्त आहे. हमाल पुण्यासाठी येत नाही, पोटासाठी येतो. त्याच्या वाट्याच्या पुण्याची चर्चा करणं ही मजुरी चुकवण्याची सभ्य युक्ती ठरू शकते. खरंच आहे. कर्तेपणाचा प्रश्न चढणाऱ्याने स्वतःच्या मनाशी सोडवावा. हमालाला मजुरी, बूट, गरम कपडे, पोटभर जेवण आणि रात्री झोपायला कोरडा तंबू हवा. स्वस्त पॅकेजमध्ये काटछाट होते ती बहुधा इथेच, पाहुण्याच्या ताटात नव्हे.

तेव्हा भोंगीरच्या कातळावर सराव करणाऱ्यांनी जाकिटाच्या आधी कंपनीला एवढं विचारावं: हमालाला रोज किती देता, टीप थेट त्याच्या हातात पडते का, तो कुठे झोपतो? ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था २००३ पासून हमालांसाठी काम करते आणि त्यांना नीट वागवणाऱ्या कंपन्यांशी भागीदारी करते. पैसे भरण्याआधी आपली कंपनी त्यांच्या यादीत आहे का, हे पाहून घ्या.